भाड्याची लेखणी आणि शिक्कामोर्तब

लेखणी भाड्यानें देणें ही गोष्ट आमच्या सुशिक्षित घरांत अद्यापि प्रतिष्ठेची मानली जात नाहीं. वकील आपली वाणी फी घेऊन देतो, वैद्य आपली विद्या फी घेऊन देतो, प्राध्यापक तर महिन्याच्या महिन्यास ज्ञान विकतो. यांपैकीं कोणासही आपण नांवें ठेवीत नाहीं. परंतु लेखकानें मजकुराची किंमत आधीं ठरवून घेतली कीं, सरस्वती बाजारांत बसली असें म्हणून आपण मान फिरवितों. गेल्या वीस-बावीस वर्षांत जगभर पसरलेल्या एका नव्या धंद्यानें ही जुनी नापसंती पुन्हां जागी केली आहे. एखाद्या लहानशा, ठराविक मालाचा खप व्हावा म्हणून आंतरजालावर लेख प्रसिद्ध करावयाचे, आणि ते स्वतः न लिहितां कंत्राटानें दुसऱ्याकडून, दुसऱ्यानें तिसऱ्याकडून लिहून घ्यावयाचे, असा हा धंदा आहे. त्याची किंमत करावयाची तर नुसती नापसंती पुरेशी नाहीं. त्याची वंशावळ पाहिली पाहिजे.

प्रथम धंद्याची रीत सांगतों. एक व्यापारी मधमाश्यांच्या पेट्या विकतो असें समजा. एका गांवांत अशा मालाला चार गिऱ्हाइकें मिळणार नाहींत. पण साऱ्या देशांत मिळून तीं पुष्कळ असतात. त्यांतला प्रत्येक जण केव्हां तरी शोधयंत्रास प्रश्न विचारतो: पेटी कोठें ठेवावी, पावसाळ्यांत माश्यांस काय द्यावें, खर्च किती येतो. या प्रश्नांतले नेहमीचे शब्द हेरावयाचे, ते योग्य ठिकाणीं पेरून पन्नास लेख तयार करावयाचे, आणि वाचणारा उत्तर शोधीत आला कीं त्याला हळूच दुकानाच्या दारीं आणून सोडावयाचें, ही त्याची युक्ति. पन्नास लेख लिहिण्यास व्यापाऱ्यास सवड नसते. तो काम एका मध्यस्थास देतो. मध्यस्थ तें दहा तरुणांत वांटतो. मोबदला शब्दांच्या संख्येवर ठरतो. लेखावर लिहिणाराचें नांव येत नाहीं, आणि पैसे चुकते झाले कीं त्याचा त्या मजकुरावरचा हक्कही संपतो. पुष्कळदां तर व्यापाऱ्याजवळ मालही नसतो. दुसऱ्याच्या दुकानांत गिऱ्हाईक पाठविल्याबद्दल मिळणाऱ्या दलालीवर त्याचा चरितार्थ चालतो. इंग्रजींत अशा अरुंद बाजाराला जो शब्द रूढ आहे, त्याचा मूळ अर्थ भिंतींतला कोनाडा असा आहे. आमच्या जुन्या घरांत कोनाड्यांत दिवा ठेवीत. या नव्या कोनाड्यांत काय ठेवलें जातें, हें पाहावयाचें आहे.

हा प्रश्न मुंबई-पुण्याचाच राहिलेला नाहीं. नंदुरबार जिल्ह्यांत, नवापूर तालुक्यांत, खांडबारा म्हणून गांव आहे. सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या तापी खोऱ्याच्या लोहमार्गावर, नवापूर आणि नंदुरबार यांच्या दरम्यान, त्याचें स्थानक लागतें. १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्हा विभागून नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेप्रमाणें त्यांत अनुसूचित जमातींचें प्रमाण सुमारें ६९ टक्के आहे. नवापूरच्या बाजूस गावित, भिल्ल, कोकणा या समाजांची वस्ती आहे; घरीं मावची किंवा दुसरी एखादी बोली, शाळेंत मराठी, सीमेपलीकडच्या व्यवहारांत गुजराती, अशा तीन भाषांत तिथलें मूल वाढतें. याच तालुक्याच्या तुरीच्या डाळीस ‘नवापूर तूरडाळ’ या नांवानें भौगोलिक निर्देशनाची सरकारी नोंद मिळालेली आहे. कोनाड्यांतल्या बाजारास लागणारी सारी सामग्री येथें आहे: एक विशिष्ट माल, दूरचें गिऱ्हाईक, आणि हातांत मोबाईल घेऊन पदवीनंतर काम शोधणारे तरुण. या डाळीची माहिती खांडबाऱ्यांत बसून लिहिली जाईल, कीं जिनें तुरीचें शेतही पाहिलेलें नाहीं अशी कोणती तरी लेखणी ती शब्दाच्या भावानें लिहील, हा प्रश्न त्या गांवापुरता पोटाचा आहे आणि आपणां सर्वांपुरता भाषेचा आहे.

पैसे देणारा धनी, ज्याचें नांव पुढें येत नाहीं असा लेखक, आणि आधींच हेरून ठेवलेला वाचक, हीं या धंद्याचीं तीन अंगें. तीं नवीं वाटलीं तरी मराठी गद्याइतकींच जुनीं आहेत. शिवछत्रपतींची आद्य बखर कृष्णाजी अनंत सभासद यांनीं सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथें राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली. म्हणजे मराठी इतिहासलेखनाचा हा पहिला मोठा ग्रंथ सांगून लिहून घेतलेला आहे. शिवकाळांत बाळाजी आवजी चिटणीसांसारखे लेखक धन्याच्या वतीनें पत्रें लिहीत, आणि त्यांच्या लेखणीवर राज्याचे व्यवहार चालत. लेखन हा कसबाचा व शिस्तीचा धंदा आहे याची जाणीव त्या काळीं किती होती, हें समर्थांनीं दासबोधांत लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास रचला यावरून दिसतें. अक्षर, शाई, बोरू, कागद यांची काळजी घेण्याचा तो उपदेश मुख्यतः लिहून पोट भरणारास उपयोगी आहे.

पण जुन्या पत्रांची एक रीत येथें लक्षांत घेण्यासारखी आहे. राजपत्र चिटणीस लिही. पण पत्राच्या मस्तकीं धन्याचा शिक्का उमटे आणि मजकूर संपला त्या जागीं मोर्तब होई. शिक्क्यानें हें कोणाचें म्हणणें आहे तें ठरे. मोर्तबानें तें म्हणणें कोठें संपलें तें ठरे, म्हणजे मागाहून कोणास एक ओळ वाढवितां येऊ नये. हात दुसऱ्याचा, पण जबाबदारी धन्याची, आणि ती आरंभीं व अखेरीस अशी दोन्हीकडून बांधलेली. भाड्याच्या लेखणीस विश्वासार्हता येण्याची युक्ति आमच्या पूर्वजांनीं अशी काढली होती. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आज आपण नुसता संमति या अर्थानें वापरतों. त्यांतला बंदोबस्ताचा अर्थ आपण विसरलों आहों. पुढील सारा इतिहास आम्हीं याच एका खुणेनें तपासला आहे.

इंग्रजी राज्य आल्यावर धनी बदलला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला व त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ति १८५७ सालीं झाली. मोल्सवर्थ व कँडी यांच्या विद्वत्तेविषयीं कोणास शंका नाहीं. परंतु त्या कोशांतले हजारों शब्द गांवोगांवच्या बोलण्यांतून वेंचून, त्यांचे अर्थ पारखून देण्याचें काम सरकारी खर्चानें नेमलेल्या शास्त्री-पंडितांनीं केलें. आज आपण ‘मोल्सवर्थमध्यें पाहा’ असें म्हणतों. त्या शास्त्र्यांचीं नांवें सामान्य वाचकाच्या ओठीं येत नाहींत. लेखकाचें नांव झांकलें जाणें हा दोष येथेंही आहे. पण दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. त्या पंडितांस आपल्या विषयाचें ज्ञान होतें, आणि संपादकानें आपलें नांव मुखपृष्ठावर घालून प्रत्येक शब्दाची जोखीम अंगावर घेतली. हा शिक्का अस्सल होता, म्हणून तो कोश अजून टिकून आहे.

याच काळांत पुण्यास दुसरा एक प्रयोग झाला. पेशव्यांच्या वेळेपासून विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा वांटण्याची चाल होती. कंपनी सरकारनें ती संकोच करून चालू ठेविली. या पैशाचा कांहीं भाग मराठींत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस द्यावा अशी मागणी नव्या शिक्षितांनीं केली, व पुढें दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. तिच्या बक्षिसांमुळें कित्येक ग्रंथ व भाषांतरें मराठींत आलीं. मराठी गद्याच्या उभारणींत या पैशाचा वांटा नाकारतां येत नाहीं. तथापि धन्याच्या पैशाची दुसरी बाजूही याच कमिटीनें दाखवून दिली. जोतीराव फुले यांनीं १८५५ सालीं लिहिलेलें ‘तृतीय रत्न’ हें नाटक तिच्याकडे पाठविलें; भोळ्या कुणब्यास धर्माच्या नांवानें कसें नाडतात हा त्याचा विषय. कमिटीनें तें स्वीकारलें नाहीं, आणि आपल्या भट सभासदांच्या आग्रहामुळें तें नाकारलें गेलें असें फुल्यांनीं पुढें स्वतःच लिहून ठेवलें. तें नाटक छापून वाचकांपुढें येण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. यावरून असें दिसतें कीं, लेखनाला पैसा मिळाल्यानें लेखन बिघडतेंच असें नाहीं; पण जो पैसा देतो तो काय लिहिलें जाणार नाहीं हेंही ठरवितो. लेखणी भाड्यानें देणारानें आणि भाड्याच्या लेखणीचें लिखाण वाचणारानें हा धडा विसरूं नये.

छापखाना व वृत्तपत्रें यांबरोबर जाहिरात आली आणि लेखणी प्रथमच मालाच्या गाडीस जुंपली गेली. बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ १८३२ च्या जानेवारींत निघालें. त्यानंतरच्या शंभर वर्षांत मराठी पत्रांचीं मागचीं पानें शक्तीच्या गोळ्या, केशतेलें व रामबाण औषधें यांनीं भरून गेलीं. बरें झालेल्या रोग्यांचीं म्हणून आभाराचीं पत्रें छापण्याची चाल पडली. तीं खरोखर कोणाच्या हातचीं हें समजण्यास वाचकाला मार्ग नसे. १९०५ सालीं गिरगांवांत बी. दत्ताराम आणि कंपनी ही जाहिरात-संस्था निघाली. हिंदुस्थानांतल्या अशा आरंभींच्या संस्थांत तिची गणना होते. तेव्हांपासून जाहिरातीचा मजकूर हा धनी व वृत्तपत्र या दोघांपासून निराळ्या अशा तिसऱ्या हाताचा धंदा झाला. औषधांच्या जाहिरातींचा अतिरेक इतका झाला कीं, स्वतंत्र भारताच्या संसदेस १९५४ सालीं औषधें व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा करावा लागला. शिक्क्यावांचून लिहिलेला मजकूर माणसाच्या प्रकृतीशीं खेळूं लागला म्हणजे अखेर दंडशक्तीसच मोर्तब करावें लागतें.

आतां ज्या उदाहरणासाठीं हा सारा प्रवास केला त्याकडे वळतों. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं बेळगांवांत सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून कडबा कापण्याचें यंत्र आणि लोखंडी नांगर तयार केले. १९१० सालीं औंध संस्थानांत, कुंडल रोड स्थानकाजवळच्या निवडुंगानें भरलेल्या माळावर, त्यांनीं कारखान्यासाठीं किर्लोस्करवाडी वसविली. माल चांगला होता. अडचण गिऱ्हाइकाच्या मनांत होती. लोखंडानें जमिनीस विष बाधतें अशी समजूत शेतकऱ्यांत होती आणि लांकडी नांगर सोडावयास ते सहजासहजीं तयार नव्हते. अशा माणसापुढें ‘आमचा नांगर उत्तम’ असें दहा वेळां ओरडून कांहीं होत नाहीं. त्याला जमीन, नांगरट, हिशेब आणि उद्यम यांविषयींचें नवें ज्ञान पटवून द्यावें लागतें. १९२० सालीं कारखान्याचें मुखपत्र म्हणून ‘किर्लोस्कर खबर’ निघूं लागली. तिचे संपादक शंकरराव किर्लोस्कर हे लक्ष्मणरावांचे पुतणे. मूळ चित्रकार, आणि कारखान्याच्या जाहिरातींचें कामही त्यांच्याकडेच. म्हणजे आज ज्याला कोनाड्यांतल्या बाजारासाठीं लेख लिहिणें म्हणतात, तें काम मराठींत शंभर वर्षांपूर्वीं एका नांगराच्या कारखान्यानें सुरू केलें होतें.

त्या मुखपत्राचें पुढें काय झालें तें मराठी वाचकांस ठाऊक आहे. नांवांतली ‘खबर’ गळून ‘किर्लोस्कर’ उरलें. १९३० सालीं त्याच्या जोडीस ‘स्त्री’ व १९३४ सालीं ‘मनोहर’ हीं मासिकें आलीं. आणि नांगर कधींही विकत न घेणाऱ्या मध्यम वर्गाच्या घरांत ही त्रयी दर महिन्यास वाचली जाऊं लागली. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध याच ‘किर्लोस्कर’च्या पानांतून प्रसिद्ध झाले. माल विकणारा कारखाना सामान्यतः कोणाचें मन दुखवीत नाहीं. सनातनी गिऱ्हाईक रागावेल ही भीति त्यास असते. येथें कारखान्याच्या नांवानें निघणाऱ्या मासिकानें ती भीति बाजूस ठेवली. हें कसें घडलें? आमच्या मतें कारण सोपें आहे. मासिकाच्या मुखपृष्ठावर कारखान्याचें नांव उघड होतें, त्यामुळें हें कोणाच्या पैशानें चाललें आहे हें लपलें नाहीं. संपादकाचें नांव होतें, लेखकांचीं नांवें होतीं. चुकलें तर विचारावयाचें कोणास, हें वाचकास ठाऊक होतें. आणि नांगर न घेणारा वाचकही रिकाम्या हातानें परत जात नसे. शिक्का होता, मोर्तब होतें, आणि त्या दोहोंच्या मध्यें मजकूर होता.

ही कल्पना एकट्या किर्लोस्करवाडीची नव्हे. अमेरिकेंत जॉन डीअर या नांगर करणाऱ्या कंपनीनें १८९५ सालींच ‘द फरो’ नांवाचें शेतकऱ्यांसाठीं पत्र काढलें. फ्रान्समध्यें मिशेलिन या टायर करणाऱ्या कंपनीनें १९०० सालीं मोटारवाल्यांसाठीं मार्गदर्शिका काढली, आणि आज टायरांपेक्षां ती खाणावळींच्या पारखीसाठीं अधिक प्रसिद्ध आहे. दोन्हीकडे व्यापाऱ्यानें आपलें नांव लपविलें नाहीं आणि वाचकास मालाहून निराळें असें कांहीं दिलें.

आंतरजालाच्या काळांत ही सांखळी कोठें तुटली तें आतां स्पष्ट दिसेल. १९९९ सालीं अमेरिकेंत निघालेल्या ‘ईलान्स’सारख्या संस्थांनीं जगाच्या एका टोंकाचें काम दुसऱ्या टोंकाच्या माणसास देण्याचा बाजार भरविला; ही संस्था पुढें दुसरीशीं एक होऊन २०१५ पासून ‘अपवर्क’ या नांवानें चालूं लागली. काम मांडावें, इच्छुकांनीं दर सांगावे, आणि पुष्कळदां ज्याचा दर कमी त्यानें काम न्यावें, असा हा उलटा लिलाव. यांत इंग्रजी जाणणाऱ्या भारतीय तरुणांचा वांटा फार मोठा आहे. २००३ सालीं ‘गूगल’नें कोणाच्याही पानावर जाहिराती लावून त्याचा हिस्सा पानाच्या मालकास देण्याची ‘ॲडसेन्स’ योजना आणली. त्यामुळें लेख हा मालाकडे नेणारा रस्ता न राहतां स्वतःच माल झाला. २००६ सालीं निघालेल्या ‘डिमांड मीडिया’ कंपनीनें तर लोक काय शोधतात याचा यंत्रानें हिशेब करून विषय ठरविले आणि लेखास सुमारें पंधरा डॉलर देऊन ते हजारोंनीं लिहून घेतले. जानेवारी २०११ मध्यें तिचे भाग बाजारांत विकावयास आले. पुढच्याच महिन्यांत ‘गूगल’नें पोकळ लेखांस मागें ढकलणारा बदल केला. अमेरिकेंतील सुमारें बारा टक्के शोधांवर त्याचा परिणाम झाला, आणि अशा लेखांच्या गिरण्यांचे दिवस फिरले.

त्या लेखांत असत्यच होतें असें नाहीं. त्यांत कोणाचें म्हणणेंच नव्हतें. ज्यानें विषय ठरविला तें यंत्र. ज्यानें लिहिलें त्यास विषय ठाऊक नाहीं. ज्यानें छापलें त्यानें वाचलें नाहीं. शब्दावर दर ठरला कीं शब्द वाढतात आणि अर्थ तेवढाच राहतो. हजार शब्दांचे पैसे मिळणार असतील तर तीनशें शब्दांत सांगून होणारी गोष्ट कोणीही तीनशें शब्दांत सांगणार नाहीं. नोव्हेंबर २०२२ मध्यें ‘चॅटजीपीटी’ हें यंत्र लोकांपुढें आल्यावर ह्या कामासाठीं माणसाचीही गरज उरली नाहीं. मार्च २०२४ मध्यें ‘गूगल’ला घाऊक प्रमाणांत तयार केलेल्या निरुपयोगी मजकुराविरुद्ध, मग तो माणसानें लिहिलेला असो कीं यंत्रानें, पुन्हां नियम करावा लागला. आपल्याकडेही जाहिरात-मानक परिषदेनें २०२१ सालीं, आणि केंद्र सरकारनें ग्राहक संरक्षण कायद्याखालीं २०२२ सालीं, पैसे घेऊन केलेली शिफारस तशी उघड सांगावी असे नियम घालून दिले. राजपत्रावरचा शिक्का आतां कायद्याच्या भाषेंत परत मागितला जात आहे.

आतां पुन्हां नवापूरच्या तुरीकडे येऊं. भौगोलिक निर्देशनाचा कायदा १९९९ सालचा. तो २००३ पासून अंमलांत आला. त्याखालीं नोंद दहा वर्षांची असते व ती पुढें वाढवितां येते. ती एकट्या व्यापाऱ्याच्या मालकीची नसते. उत्पादकांच्या संघास किंवा त्यांच्या हिताचें रक्षण करणाऱ्या संस्थेस ती मिळते, आणि प्रत्यक्ष पिकविणारा तिचा अधिकृत वापरकर्ता म्हणून आपलें नांव नोंदवूं शकतो. हा मालावरचा शिक्का झाला. पण कायदा नांवाचें रक्षण करितो, वर्णनाचें करीत नाहीं. डाळ नवापूरची असेल आणि तिच्याविषयींचा लेख दूरच्या कोठल्याशा खोलींत चार जुने लेख समोर ठेवून पांचवा तयार केलेला असेल, तर कायद्यास त्यांत वावगें कांहीं दिसणार नाहीं. तूर केव्हां पेरली, कोणत्या जमिनींत वाढली, घरच्या जात्यावर तिची डाळ कशी करीत, शिजतांना तिला काय वास येतो, हें ज्या बाईस ठाऊक आहे ती मावचींत बोलते. तिचें ज्ञान त्या लेखांत येणार नाहीं, आणि लेखाचा पैसाही तिच्या गांवांत येणार नाहीं. फुल्यांच्या नाटकास बक्षीस नाकारलें गेलें. येथें तर विचारण्यासच कोणी येत नाहीं.

म्हणून खांडबाऱ्यासारख्या गांवच्या तरुणानें हा धंदा करूं नये असें आम्ही म्हणणार नाहीं. शब्दाच्या भावाचें काम आज मिळत असेल तर पोटासाठीं त्यानें तें अवश्य करावें. पण यंत्र आल्यापासून तो भाव उतरत जाणार हें ओळखून असावें. ज्ञानावांचून लिहिण्यांत यंत्राशीं स्पर्धा कोणासच साधणार नाहीं. ज्या गोष्टी त्याला ठाऊक आहेत आणि यंत्रास नाहींत, त्यांची किंमत मात्र वाढेल. तीन भाषा जाणणारा असा एक तरुण शेतांत जाऊन विचारील, मराठींत व गुजरातींत लिहील, लेखाखालीं आपलें नांव घालील, आणि हा मजकूर उत्पादकांनीं पैसे देऊन लिहून घेतला आहे असें वरच सांगेल, तर तें लेखन भाड्याचें असूनही कोणास लाज वाटण्यासारखें नसेल. उत्पादकांच्या संघांनीं दर शब्दावर ठरवूं नये, चौकशीवर ठरवावा. मोल्सवर्थच्या पंडितांस शब्द वेंचण्याकरितां नेमलें होतें, ते वाढविण्याकरितां नव्हे.

आणि वाचकांचेंही कांहीं कर्तव्य आहे. घरांत आजीच्या संधिवातापासून मुलाच्या शिष्यवृत्तीपर्यंत प्रत्येक प्रश्न आतां आपण शोधयंत्रास विचारतों, आणि जें पहिलें पान उघडतें त्यावर भरंवसा ठेवितों. पत्र हातीं आलें कीं जुना कारभारी प्रथम शिक्का पाही, मग मजकूर वाची. हें कोण म्हणतो, कोणाच्या पैशानें म्हणतो, आणि त्याला हें ठाऊक कसें, हे तीन प्रश्न विचारण्यास क्षणभरही लागत नाहीं. ज्या पानावर त्यांचीं उत्तरें नाहींत तें बंद करावें. वाचकांनीं इतकें केलें तर कोनाड्यांतला बाजार आपोआप सुधारेल. कारण त्या बाजारांत शेवटीं विकली जाते ती वस्तु म्हणजे आपलें लक्ष, आणि तिचा धनी दुसरा कोणी नसून आपणच आहों.